नाक सरळ झालं, वास गेला

एका नाकाच्या डॉक्टरने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. त्याने सांगितलं तशी मी उपाशीपोटी गेले, वेळेच्या आधी गेले, तो म्हणाला तिथे सही केली. त्याने मला सुंदर नाक दिलं आणि त्या नाकातला वास काढून घेतला. वास जाऊ शकतो हे त्याने मला समजेल अशा रीतीने एकदाही सांगितलं नाही.

नाकाचं ऑपरेशन करायला निघालेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. दोन वर्षं होत आली. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

मी जसिंता. मूळची वसईची, आता कॅनडात टोरांटोच्या एटोबिकोची. मी मसाला करते. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, तो. बेसमेंटमध्ये एका कढईवर सुरुवात केली. आज भाड्याचं मोठं स्वयंपाकघर आहे, हाताखाली दोन बायका आहेत, आणि माझ्या बाटल्या विनिपेग आणि सस्काटूनपर्यंत जातात. यातलं काहीही कुणी आणून दिलेलं नाही.

या मसाल्यात प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो. धणे घ्या. कढईत टाकले की आधी ओल्या गवतासारखा वास येतो. मग संत्र्याच्या सालीसारखा गोड येतो. मग एकदम जळका. गोड आणि जळका यांच्यामध्ये चार-पाच श्वास असतात, तेवढ्यात कढई उतरवायची. घड्याळ लावून चालत नाही, कारण दर गोणीतले धणे वेगळे. पंचवीस वर्षं मी ते चार-पाच श्वास ओळखत आले. आता ओळखता येत नाहीत.

हवं कशाला होतं?

हा प्रश्न सगळे विचारतात, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देते.

माझ्या नाकावर मधोमध उंचवटा होता. बाबांचं नाक. मुलीला शोभत नाही असं सगळे म्हणायचे, बाबांना मात्र शोभायचं. लग्न ठरवताना माझा फोटो समोरून काढला होता, बाजूने काढू दिला नाही. रेमंडने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चर्चच्या आवारात मला पहिल्यांदा बाजूने बघितलं तेव्हा तो हसला होता. तो म्हणतो आवडलं म्हणून हसला. असेल. पण त्यानंतर पुढची सगळी वर्षं मी फोटोत समोर तोंड करून उभी राहिले.

अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ठरवलं की आता स्वतःसाठी एक गोष्ट करायची.

"एवढी वर्षं या नाकाने काय वाईट केलं तुझं?" रेमंड म्हणाला.

"तुझं काय जातंय? नाक माझं आहे."

"बघायचं तर मलाच असतं ना."

आमची मुलगी रेचेल तेव्हा युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "मम्मी, डू इट. इट्स युअर फेस." मला तेवढं पुरे होतं.

बोलणी

क्लिनिकमध्ये भिंती पांढऱ्या, खुर्च्या पांढऱ्या, आणि लिंबू घातलेलं पाणी. डॉक्टर पन्नाशीचा, हात मऊ, आवाज त्याहून मऊ. त्याने कॉम्प्युटरवर माझा बाजूचा फोटो घेतला आणि उंचवटा बोटाने पुसावा तसा पुसून दाखवला. मी त्या पडद्याकडे बघत राहिले. ते माझंच तोंड होतं आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्याच्याबरोबर ब्रुक नावाची तरुण मुलगी होती. सगळी माहिती ती टाइप करायची. तिने विचारलं, तुम्ही काय काम करता? मी सविस्तर सांगितलं. मसाला, भाजणं, वास, सगळं. मी म्हटलं, "माझं नाक म्हणजे माझं काम आहे. वासाला काही होणार नाही ना?"

ती गोड हसली. "थोडे दिवस चोंदल्यासारखं वाटेल. मग सगळं नॉर्मल."

डॉक्टर तिथेच बसला होता. त्याने मान हलवली. होकाराची.

आणि मग मी ती चूक केली जी माझ्यासारखी बाईच करेल. माझी आई वसईच्या बाजारात भाजी विकायची. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसून वाढले. सौदा झाला की गिऱ्हाईक उठत नाही, "वर काहीतरी घाल" म्हणतं, आणि विकणारी मुळ्याची नाहीतर कोथिंबिरीची एक जुडी वर घालते. वरचं घेतल्याशिवाय उठणं मला आजही जमत नाही. गाडी घेताना मी विंटर टायर्स वर घेतले, आणि स्वयंपाकघर भाड्याने घेताना मालकाकडून छताचा पंखा.

तर मी डॉक्टरला म्हटलं, "माझी उजवी नाकपुडी नेहमी बंद असते. तुम्ही आत जाणारच आहात, तर तेवढी मोकळी करून टाका. त्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत."

तो हसला. म्हणाला, तुम्ही सौदा पक्का करता. ब्रुककडे वळून म्हणाला, "तेही टाक, आपल्याकडून."

आतून तपासणी नाही, स्कॅन नाही, वेगळी भेट नाही. मी जिंकल्यासारखी घरी आले. रेमंडला सांगितलंसुद्धा, "आतलं काम वर घेतलं!"

सही

फेब्रुवारीतली सकाळ. बाहेर उणे अठरा. नर्सने गाऊन दिला, दागिने काढायला लावले, चष्मा काढून डबीत घातला, जिभेखाली एक गोळी ठेवायला दिली. "याने भीती कमी होईल." झाली. थोड्या वेळाने छत मला लांब आणि छान वाटायला लागलं.

तेव्हा ब्रुक क्लिपबोर्ड घेऊन आली. "तुमच्या आतल्या कामाचं एक पान राहिलं होतं, फक्त फॉर्मॅलिटी."

मी सही केली. मी! बाटल्यांच्या झाकणांचं कॉन्ट्रॅक्ट दोनदा वाचणारी, बँकेच्या माणसाला एकेका ओळीवर थांबवणारी मी, चष्मा नसताना, गोळी घेतल्यावर, बोट दाखवलं तिथे सही करून मोकळी झाले. त्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की वास कायमचा कमी होऊ शकतो किंवा जाऊ शकतो. हे मला आठ महिन्यांनी वाचायला मिळालं.

पहिले सात दिवस

यातलं बरंचसं तुम्हालाही होईल आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हणून नीट सांगते.

शुद्धीवर याल तेव्हा नाकाने श्वास घेता येणार नाही. माणूस बुडतोय असं वाटतं. मी हातपाय झाडायला लागले. तिथली एक पंजाबी नर्स जवळ येऊन हात धरून म्हणाली, "आंटी जी, नाक को भूल जाओ. मुँह से. मेरे साथ." ती स्वतः तोंड उघडून श्वास घ्यायला लागली आणि मी तिच्याकडे बघून घेतला. त्या सगळ्या इमारतीत माणूस म्हणून मला तीच एक भेटली. तिचं नाव मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. तिची नोकरी आहे.

नाकावर कडक पट्टी असते, नाकाखाली कापसाची घडी, ती भिजते आणि बदलावी लागते. डोळ्यांखाली आधी जांभळं, मग हिरवं, मग पिवळं. उशा रचून बसल्यासारखं झोपायचं. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. वाकायचं नाही. चष्मा नाकावर टेकवायचा नाही. रेचेलने माझा चष्मा टेपने कपाळाला चिकटवला आणि म्हणाली, "यू लुक लाइक अ रकून." म्हणजे इथला तो डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला प्राणी. हसायला आलं की टाके ओढतात, म्हणून मी तिला खोलीतून हाकललं.

दुखणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. तोंड कोरडं पडणं जास्त वाईट. रेमंड पिअर्सन विमानतळावर कार्गोमध्ये काम करतो. तो शिफ्टवर जायच्या आधी पेज करून थर्मासमध्ये ठेवायचा. मला वाटायचं पेज अळणी केलीय. अळणी नव्हती.

सातव्या दिवशी पट्टी निघाली. आरशात बघितलं. सुजलेलं होतं, पण सरळ होतं. मी बाजूला वळून हाताने दुसरा आरसा धरला आणि रडले. आनंदाने. ते मी आज नाकारत नाही. नाक सुंदर झालंय. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कढई

मार्चमध्ये कॉफीचा वास येईना. फोन केला. ब्रुक म्हणाली, सूज आहे. एप्रिलमध्ये रेमंडच्या बुटांचा वास येईना. तो म्हणाला, "चला, एक तरी फायदा." फोन केला. ब्रुक म्हणाली, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, धीर धरा. डॉक्टर प्रत्येक वेळी दुसऱ्या पेशंटबरोबर असायचा.

मे उजाडला. त्या वर्षी कॅनडाला दीडशे वर्षं होणार होती, रस्त्यात खांबाखांबावर लाल-पांढरे झेंडे लागले होते. आमचा मसाल्याचा मोसम. ऑर्डरी थांबत नाहीत. मी मनाशी म्हटलं, पंचवीस वर्षांचा हात आहे, रंगावर आणि आवाजावर भाजेन. भाजला. भरला. पाठवला.

तिसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सेसिल मावशीने मला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. मावशी ऐंशीच्या घरातल्या, आमच्या गावच्या, आणि माझ्या पहिल्या बाटलीच्या गिऱ्हाईक.

"जसू बाय, यंदाचा मसाला कडू लागतो गं. धणे बदललेस काय?"

"काही बदललं नाही. तुमच्या तोंडाला चव नसेल."

"माझ्या तोंडाला? अगं, सुनेने कालवण ओतून दिलं."

"मग सुनेला करायला सांगा मसाला!"

एवढ्या वयाच्या बाईला मी चारचौघांत असं बोलले. मावशी वॉकर ढकलत सुनेच्या गाडीकडे गेल्या. मी गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर हात आपटला, कारण मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात धणे टाकले. पंखा जोरात चालू होता. रेचेल पलीकडे लेबलं चिकटवत होती. धणे कढईत चांगले वाजत होते, मी उलथनं फिरवत होते, आणि अचानक ती धावत आली.

"मम्मी! इट्स बर्निंग!"

"नाही गं. आत्ता तर टाकलेत."

"मम्मी, कान्ट यू स्मेल दॅट?"

तिने गॅस बंद केला. तिला ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी कढईवर तोंड नेलं आणि जोरात श्वास घेतला. एकदा, दोनदा. गरम हवा लागली. बाकी काही नाही. पाण्याचा ग्लास हुंगावा तसं.

त्या दिवशी मी सगळ्या बाटल्या परत मागवल्या. कुणी दिल्या, कुणी हसले. सेसिल मावशींच्या दारात जाऊन मी पाया पडले. त्यांनी उठवलं आणि विचारलं, "कोणी केलं तुझं हे?" त्यांना सगळं सांगताना पहिल्यांदा मला नीट दिसलं: वास गेला तो त्या वर घेतलेल्या आतल्या कामात.

वरची जुडी

आई वर म्हणून जी जुडी घालायची, ती कोणती असायची? पाटीच्या तळाची. सुकलेली, पिवळी पडलेली, जी विकली जाणार नाही ती. मीच काढून द्यायचे तिच्या हातात. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, घरी जाऊन उघडायचं. वरचं म्हणून देताना कुणी नीट बघत नाही, ते मोजलेलं नसतं, त्याची जबाबदारी कुणाची नसते. हे मला आठव्या वर्षापासून माहीत होतं. आणि मी जाऊन माझ्याच नाकाच्या आत तशी जुडी घालून घेतली.

रेमंडने तेच सुनावलं. त्याला म्हटलं मी केस करते, तर म्हणाला, "तुलाच वर काहीतरी हवं असतं नेहमी."

मी त्याच्याशी सहा आठवडे बोलले नाही. या वाक्यात खरेपणा होता म्हणूनच बोलले नाही. त्या सहा आठवड्यांत त्याने घरात आणि माझ्या स्वयंपाकघरात गॅस गळती सांगणारे अलार्म बसवले, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहायला लागला, आणि दूध उघडलं की आधी स्वतः हुंगून मग माझ्यासमोर ठेवायचा. माफी मात्र मागितली नाही. मीही मागितली नाही. चालू आहे.

पण एक गोष्ट मला त्याच्याकडून आणि सगळ्यांकडून मान्य करून हवी आहे. गिऱ्हाईक मागतं. मागणं हा गुन्हा नाही. कोथिंबीर विकणारी बाई गिऱ्हाइकाचं नाक कापत नाही. मी डॉक्टरकडे मागितलं, तर नाही म्हणायचं काम त्याचं होतं.

फाईल

फॅमिली डॉक्टरने मला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. त्याने एक पुस्तिका दिली. पानावरचा ठिपका खरवडायचा, हुंगायचं, आणि चारांतलं एक उत्तर निवडायचं: गुलाब, कांदा, पेट्रोल, चॉकलेट. मी सगळी पानं खरवडली. सगळी पानं कागद होती. मी अंदाजाने खुणा केल्या, परीक्षेला न शिकता बसलेल्या पोरासारख्या. त्याने मऊ शब्दांत सांगितलं की इतके महिने परत आला नाही, तर येईल असं तो म्हणू शकत नाही.

मग मी क्लिनिकमधून माझी फाईल मागवली. तो हक्क इथे प्रत्येकाला आहे, वापरा. ऑक्टोबरमध्ये पाकीट आलं. चष्मा लावला आणि टेबलावर बसून प्रत्येक पान दोनदा वाचलं. सहीचं पान तिथे सापडलं. माझी सही तिरकी, ओळीच्या बाहेर गेलेली, माझी वाटतच नाही.

आणि पहिल्या पानावर, व्यवसाय या रकान्यात, ब्रुकने टाइप केलं होतं: गृहिणी.

मी तिला पंधरा मिनिटं धण्यांबद्दल सांगितलं होतं. तिने विचारलं म्हणून सांगितलं होतं. समोर बसलेल्या साडी नेसलेल्या, जाड उच्चारांच्या बाईचं बोलणं तिच्या कानांवर पडलं आणि बोटांनी लिहिलं, गृहिणी. गृहिणी असण्यात कमीपणा नाही, गृहिणीलाही वास लागतो, जळणारा भात तिलाही कळावा लागतो. पण मी जे सांगितलं ते लिहिलं असतं, तर त्या रकान्याकडे बघून कदाचित कुणीतरी एक क्षण थांबलं असतं.

डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रांताच्या संस्थेकडे तक्रार केली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: धोका ज्ञात होता, संमतीपत्रावर सही आहे. क्लिनिकने वकिलामार्फत कळवलं की सगळे पैसे परत देतो, मात्र याबद्दल कुठेही बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही. नाही म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणून तर हे लिहिता येतंय.

तुम्ही जाणार असाल तर

जा. मी अडवत नाही. नाक आवडत नसेल तर ते बदलण्यात पाप नाही. पण संमतीचं पान चार दिवस आधी घरी मागा. दिलं नाही तर तिथून उठा. तुम्ही काय काम करता ते सांगा आणि ते कसं टाइप केलंय ते पडद्यावर वाचा. चष्मा शेवटच्या सहीपर्यंत काढू नका. बरोबर असं माणूस न्या जे तुमच्याशी भांडू शकतं. आणि फुकट काही देत असतील, तर त्याची जास्त चौकशी करा.

माझा धंदा बंद पडला नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रडायला बसले. शनिवारी रेचेल कढईपाशी उभी राहते. जी मुलगी शाळेत असताना कपड्यांना मसाल्याचा वास लागतो म्हणून आपलं जॅकेट गाडीत ठेवायची, ती डोळे मिटून नाक पुढे करते. मी उलथनं फिरवते.

"आता?"

"नॉट येट."

"आता?"

"वेट, मम्मी. वेट." आणि मग, दरवेळी मराठीत, कारण माझ्या हाताला तेच लवकर कळतं: "आता!"

मी उतरवते. मसाला चांगला होतो. सेसिल मावशी म्हणतात पूर्वीइतका नाही, पण जेवता येतं. पुढच्या वर्षी रेचेलचं शिक्षण संपेल. नोकरी दुसऱ्या शहरात लागली तर तिने जायलाच हवं. तिला माझं नाक म्हणून मी जन्माला घातलेलं नाही.

डॉक्टर, तुमच्यासाठी

हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, तशी व्यवस्था मी करते आहे. पैसे नकोत. तीन प्रश्नांची उत्तरं हवीत, तुमच्या सहीने, चष्मा लावून केलेल्या.

माझं नाक आतून एकदाही न तपासता तुम्ही हो का म्हणालात? ते पान गोळी दिल्यानंतरच का आणलंत? मी माझं काम सांगत होते तेव्हा तुम्ही मान हलवलीत, ती काय ऐकून?

आणि कागदावर लिहिणं जड जात असेल, तर शनिवारी सकाळी या. रेचेलला त्या दिवशी मी सुट्टी देईन. कढई तापलेली असेल. मी धणे टाकते, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा. कधी उतरवायचे ते तुम्ही सांगायचं.